आमचा योगाभ्यास आणि आमचे गुरुजन

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



मंडळाने आज आम्हांस शाल व श्रीफळ देऊन गौरविले आणि आमच्या योगाभ्यासाविषयी चार शब्द सांगण्याची आज्ञा केली, ह्याबद्दल आम्ही मंडळाचे अत्यंत ऋणी आहोत. आम्ही काही योगी नव्हे. जिल्हा परिषदेच्या शाळेत अडतीस वर्षे पाढे व शुद्धलेखन शिकविलेला, मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक शिक्षक, एवढीच आमची योग्यता. तथापि वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी आम्ही जमिनीवर मांडी घालून बसू शकतो, चष्मा लावून सुईत दोरा ओवू शकतो आणि रात्री शांत झोपू शकतो. हे ज्यांच्या कृपेने घडले, त्यांचा हिशेब आज आपल्यासमोर मांडावा, असे आम्ही योजिले आहे. त्या हिशेबात एक बाकी राहून गेलेली आहे. तीही आज सांगावयाची आहे.

आपला समाज नामदेव महाराजांचे नाव लावणारा. ज्या नरसीला आपण त्यांचे जन्मस्थान मानतो, ते १९९९ सालच्या मे महिन्यापर्यंत आपल्याच परभणी जिल्ह्यात होते. हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि नरसी व औंढा नागनाथ ही दोन्ही ठिकाणे तिकडे गेली. नकाशावर रेघ ओढली म्हणून भक्ती काही वाटली जात नाही. असो. नामदेव महाराजांच्या चरित्रातील एक प्रसंग आपणां सर्वांस ठाऊक आहे. संतमंडळी जमली असता तेरच्या गोरोबाकाकांनी हाती थापटणे घेतले आणि मडकी पारखावी तशी एकेकाची डोकी पारखली. नामदेवांची पाळी आली तेव्हा निकाल निघाला, हे मडके कच्चे. प्रत्यक्ष पांडुरंगाशी बोलणारा भक्त, आणि तो कच्चा का, तर त्याने गुरू केलेला नाही! तेव्हा नामदेव औंढ्याला गेले. तेथे विसोबा खेचर शंकराच्या पिंडीवर पाय ठेवून निजलेले दिसले. पाय काढा म्हणताच विसोबा म्हणाले की, जेथे देव नसेल तेथे तूच नेऊन ठेव. पाय नेऊन ठेवावे तेथे पिंडी प्रकट होऊ लागली, असे परंपरा सांगते. ह्या कथेचा भावार्थ कीर्तनकार आम्हांहून अधिक चांगला सांगतील. आम्ही फक्त दोन गोष्टींकडे आपले लक्ष वेधतो. ज्याने मडके कच्चे ठरविले तो कुंभार होता, आणि ज्याने ते भाजून पक्के केले ते विसोबाही आपल्या ज्ञातीचे नव्हते. हे दोन मुद्दे कृपा करून ध्यानात ठेवावे. व्याख्यानाच्या अखेरीस आम्ही त्यांजकडे परत येणार आहोत.

आमचे बालपण गंगाखेड तालुक्यातील गोदावरीकाठच्या एका खेड्यात गेले. वडील शिवणकाम करीत. ओसरीवर पायमशीन, शेजारी कोळशाची इस्त्री आणि भिंतीच्या खुंटीला कापलेली कापडे टांगलेली. पोळा आणि दिवाळी ह्यांच्या आधीचे पंधरा दिवस तर वडील रात्री कंदिलाच्या उजेडात काज्या-बटणे करीत. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरचे हेच चित्र असेल. वडिलांची पाठ पन्नाशीच्या आतच कमानीसारखी वाकली. ते सरळ उभे राहिले तरी मान पुढेच राही. आमच्या लहान मनाला वाटे, शिंपी म्हटला की तो असाच असावयाचा. जसा सुताराचा हात खरबरीत, तशी शिंप्याची पाठ वाकडी.

हा समज ज्यांनी प्रथम मोडला ते आमच्या गावच्या तालमीचे वस्ताद. ते मुसलमान होते. निजामाच्या अमदानीत त्यांनी तरुणपणी कुस्त्या मारल्या होत्या. आम्ही त्यांजकडे १९६८ साली, दहाव्या वर्षी गेलो, तेव्हा त्यांच्या मिशा पिकलेल्या होत्या. तालमीच्या कोनाड्यात मारुतीची मूर्ती होती. दर शनिवारी तिला तेल-शेंदूर वेळेवर लागला की नाही, ह्याची चौकशी करणारे वस्तादच असत. आम्ही अंगाने काडीसारखे. जोर काढताना धाप लागे आणि इतर मुले हसत. वस्तादांनी आम्हांस बाजूला घेतले व हौद्याच्या कडेला उभे करून सांगितले, "बेटा, पहले दम संभाल. बदन बाद में आएगा." पुढले दोन महिने त्यांनी आमच्याकडून एकही जोर काढविला नाही. हात वर नेताना श्वास आत, खाली वाकताना श्वास बाहेर, एवढेच. नाकाने घ्यावयाचा, नाकाने सोडावयाचा, आणि सोडताना घाई करावयाची नाही. नंतर हळूहळू ज्याला आपण सूर्यनमस्कार म्हणतो ते त्यांनी शिकविले. मंत्र त्यांस येत नव्हते. ते एक ते बारा आकडे मोजीत.

औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी ह्यांनी सूर्यनमस्कारांच्या प्रसारासाठी आपले आयुष्य वेचले, हे आम्ही पुढे वाचले. वस्तादांनी औंधचे नावही ऐकले नसावे. परंतु श्वास व हालचाल ह्यांची सांगड घातल्याशिवाय व्यायाम म्हणजे नुसती धडपड, हे जे योगाचे मर्म, ते आम्हांस प्रथम त्यांच्याच मुखातून मिळाले. त्यांनी फी म्हणून कधी एक पैसा घेतला नाही. एकदा वडिलांनी त्यांस एक कुडते शिवून दिले. ते कुडते वस्तादांनी ईदच्या दिवशी घातले आणि मुद्दाम आमच्या ओसरीवर येऊन दाखविले.

पुढे १९७५ साली आम्ही मॅट्रिक झालो, अध्यापनाचा अभ्यासक्रम पुरा केला आणि १९७८ साली नोकरीस लागलो. तालीम सुटली. अंगात मात्र अहंकार शिरला. एका पुस्तकातील चित्रे पाहून आम्ही आसने करू लागलो. चित्रात दिसते तसे शरीर दिसले म्हणजे आसन साधले, अशी आमची समजूत. १९८४ साली एके दिवशी भिंतीच्या आधाराने शीर्षासन करून आम्ही घड्याळ लावून दहा मिनिटे उभे राहिलो. तिसऱ्या दिवशी उजवा हात बधिर झाला. फळ्यावर खडू धरवेना. डॉक्टरांनी मानेला पट्टा दिला. माणसाचे डोके सुमारे पाच किलो वजनाचे असते आणि ते पेलण्यासाठी निसर्गाने मानेत सात लहान मणके दिले आहेत. आम्ही त्या सात मणक्यांवर सारे शरीर उलटे ठेवले होते, तेही खांद्यांची व हातांची काही तयारी नसताना. दोष पुस्तकाचा नव्हता. त्यात सावधगिरीच्या सूचना छापलेल्या होत्या. आम्ही चित्रे पाहिली, अक्षरे वाचली नाहीत. जन्मभर मुलांना 'नीट वाचा' म्हणणाऱ्या शिक्षकाची ही कथा!

त्या काळात परभणी शहरात एक निवृत्त पोस्टमास्तर राहत. नोकरीनिमित्त ते काही वर्षे नागपूरला होते आणि तेथे त्यांनी जनार्दनस्वामींच्या योगाभ्यासी मंडळात शिक्षण घेतले होते. जनार्दनस्वामी हे कोकणात जन्मलेले संन्यासी. त्यांनी नागपुरास राहून सामान्य गृहस्थांना योग शिकविला, तो विनामूल्य. शाळेच्या पटांगणावर शेकडो मुलांना एकाच वेळी करता यावी अशी सांघिक आसनांची पद्धत त्यांनी बसविली. १९७८ साली त्यांनी देह ठेवला. हे पोस्टमास्तर त्यांचे शिष्य. आम्ही मानेला पट्टा बांधून त्यांच्या दारात उभे राहिलो. त्यांनी विचारले, "गुरुजी, आपणांस काय काय येते?" आम्ही दहाबारा आसनांची नावे सांगितली. ते शांतपणे म्हणाले, "छान. ती सर्व विसरण्यास किती दिवस लागतील?"

त्यांनी आम्हांस पूर्ण एक महिना फक्त शवासन दिले. रोज संध्याकाळी सतरंजीवर उताणे निजावयाचे आणि पायाच्या अंगठ्यापासून कपाळापर्यंत एकेक अवयव सैल सोडावयाचा. प्रारंभी आम्हांस हा अपमान वाटला. आठव्या की दहाव्या दिवशी ध्यानात आले की आम्हांस काहीच सैल सोडता येत नाही. निजलेले असतानाही जबडा आवळलेला आणि मुठी अर्धवट मिटलेल्या. दुसऱ्या महिन्यात मकरासन, तिसऱ्यात भुजंगासन, तेही बेंबी जमिनीवर ठेवून, दृष्टी समोर ठेवून, मान मागे न मोडता. वर्षाने हाताचा बधिरपणा गेला. शीर्षासन त्यांनी आम्हांस पुन्हा कधीच करू दिले नाही. ते म्हणत, "प्रत्येक कुलूप आपल्याच किल्लीने उघडले पाहिजे असे कोठे आहे?" सहा वर्षे आम्ही त्यांजकडे जात होतो. त्यांची ज्ञाती कोणती, हे आम्ही विचारले नाही. आमची त्यांनी विचारली नाही.

येथे महाराष्ट्रातील थोर योगाचार्यांचे स्मरण करणे अवश्य आहे. स्वामी कुवलयानंद, पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, ह्यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले. ते बडोद्याच्या माणिकरावांचे व्यायामशिष्य आणि नर्मदाकाठच्या मालसर येथील परमहंस माधवदास ह्यांचे योगशिष्य. योगक्रिया करताना शरीरात नेमके काय घडते, हे क्ष-किरण आणि दाबमापक यंत्रे लावून त्यांनी तपासले. नौली करताना मोठ्या आतड्यात हवेचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्यांस आढळले, आणि ह्या निर्वात अवस्थेला त्यांनी आपल्या गुरूंचे, माधवदासांचे नाव दिले. शोध स्वतःचा आणि नाव गुरूचे! पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली वयाच्या अठराव्या वर्षी तेथे योग शिकविण्यास आले आणि तेथलेच झाले. १९७५ साली सुरू झालेल्या आपल्या संस्थेला त्यांनी दिवंगत पत्नी रमामणी ह्यांचे नाव दिले. संयुक्त राष्ट्रांनी २०१४ साली ठराव केला आणि २०१५ पासून २१ जून हा दिवस जगभर योगदिन म्हणून पाळला जातो. ह्या मोठ्या लोकांचे मोठेपण आम्हांस त्यांच्या आसनांपेक्षा ह्या गोष्टीत अधिक दिसते की, आपण कोणामुळे उभे आहोत, हे ते उघडपणे बोलले.

आमचे तिसरे गुरू म्हणजे आमच्या वर्गातील एक भगिनी. २०१६ साली निवृत्त झाल्यावर आम्ही शिवणकाम करणाऱ्यांसाठी पहाटेचा विनामूल्य वर्ग सुरू केला. ही भगिनी विधवा. ब्लाउज व शाळेचे गणवेश शिवून त्यांनी दोन मुलांचे शिक्षण केले. आम्ही सर्वांस पद्मासन घालण्यास सांगितले. त्या म्हणाल्या, "गुरुजी, तीस वर्षे मशीन मारून गुडघे धरले आहेत. खुर्चीवर बसून केलं तर देव रागावेल का?" आम्हांस राग आला. त्या दिवशी आम्ही काहीसे तुटक उत्तर दिले, आणि दोन दिवस त्या आल्या नाहीत. मग पोस्टमास्तरांच्या किल्लीकुलपाचे स्मरण झाले. ज्यांस जमिनीवर बसवत नाही त्यांजसाठी अय्यंगारांनी खुर्ची, पट्टे आणि लाकडी ठोकळे वापरले, हेही स्मरले. आम्ही त्यांच्या घरी जाऊन क्षमा मागितली आणि वर्गात खुर्च्या आणल्या.

त्या खुर्चीवरील अभ्यासाचा क्रम आपल्या घराघरांत उपयोगी पडेल, म्हणून सांगतो. मशीनवर अर्धा तास झाला की उठावे आणि ताडासनात उभे राहून हात वर ताणावे, श्वास आत. हात खाली, श्वास बाहेर. असे पाच वेळा. मग बसून खांदे पुढून मागे फिरवावे. मान उजवीकडे-डावीकडे सावकाश वळवावी, गरगर फिरवू नये. मनगटे व बोटे उघडमीट करावी. सुईवरून दृष्टी काढून दूरच्या झाडाकडे पाहावे आणि डोळे मिटून दहा श्वास मोजावे. संध्याकाळी भुजंगासन, मकरासन आणि शवासन. प्राणायाम करावयाचा तर श्वास कोंडू नये. नुसते आत घेण्यापेक्षा बाहेर सोडणे लांबवावे. रक्तदाब वाढलेला असेल, काचबिंदू असेल किंवा मानेचे दुखणे असेल, त्यांनी शीर्षासन-सर्वांगासनाच्या वाटेस जाऊ नये आणि डॉक्टरांचे औषध आपल्या मताने बंद करू नये. ह्यात चमत्कार काही नाही. मान जसजशी पुढे झुकते तसतसा तिच्या स्नायूंवरील भार कैक पटींनी वाढतो. तो दिवसातून दहादा उतरवून ठेवावयाचा, इतकेच. आमच्या वडिलांस हे सांगणारा कोणी भेटला नाही. आम्हांस कळले तेव्हा ते राहिले नव्हते.

बंधुभगिनींनो, आता ती राहिलेली बाकी. १९९४ साली एका गावी आपल्या काही मंडळींनी गुरुजनांचा सत्कार योजिला होता. नावे सुचविण्यासाठी बैठक भरली. आम्हीही होतो. आम्ही वस्तादांचे नाव काढले. त्या वेळी ते ऐंशीच्या पुढे होते आणि त्यांस दिसत नव्हते. बैठकीत कोणीतरी विचारले, "ते आपल्यातले आहेत का?" प्रश्न कडवटपणे विचारला गेला नव्हता; यादी छापावयाची होती, म्हणून विचारला होता. काही वडीलधाऱ्यांच्या मनात १९४८ पूर्वीच्या रझाकारी काळाच्या जखमा होत्या. त्या खोट्या नव्हत्या. परंतु त्या वस्तादांनी केलेल्या नव्हत्या. हे बोलण्यास आम्ही समर्थ होतो. आम्हांस सर्व ठाऊक होते. आम्ही म्हणालो, "नाहीत," आणि पुढील नावाकडे वळलो. कोणी आम्हांस अडविले नाही, दरडावले नाही. आमच्याच जिभेने आम्ही गुरूला यादीतून काढले. १९९६ च्या पावसाळ्यात वस्ताद गेले. आम्हांस बातमी आठ दिवसांनी कळली.

योगशास्त्रात यम-नियम आसनांच्याही आधी सांगितले आहेत, आणि यमांत अहिंसेच्या पाठोपाठ सत्य येते. त्या बैठकीत आमची पाठ ताठ होती, श्वास संथ होता, आणि सत्य मात्र आम्हांस साधले नाही. तीस वर्षे आम्ही लोकांना सरळ बसावयास शिकवीत आहो. त्या एका दिवशी आम्ही वडिलांपेक्षाही अधिक वाकलो होतो.

म्हणून आता प्रारंभीच्या दोन मुद्द्यांकडे येतो. नामदेव महाराजांनी गोरोबाकाकांस किंवा विसोबांस 'आपण आमच्यातले का?' असे विचारले असते, तर मडके कच्चेच राहिले असते. आपल्याच जिल्ह्यातील गंगाखेडची जनाबाई दामाशेटींच्या घरी आली, ती आपल्या ज्ञातीची नव्हती. आज नामदेवांच्या नावाबरोबर तिचे नाव घेतल्यावाचून आपला हरिपाठ पुरा होत नाही. मंगळवेढ्यास वेस कोसळून चोखोबा गेले, तेव्हा त्यांच्या अस्थी आणून महाद्वारी समाधी कोणी बांधविली, हे आपल्या मुलांनाही पाठ आहे. घेताना आणि देताना ज्या पुरुषाने ज्ञाती पाहिली नाही, त्याचे नाव आपण लावतो. ज्ञातीचे मंडळ असू नये, असे आम्ही म्हणत नाही. मंडळामुळे आपल्या मुलांना शिष्यवृत्त्या मिळाल्या, वधूवरांच्या गाठी पडल्या, अडचणीत मदतीचा हात मिळाला. घर असावे; परंतु घराला दार असावे.

आमची मंडळाला एवढीच नम्र विनंती आहे. गुरुजन-सत्काराच्या अर्जावर 'ज्ञाती' असा जो रकाना आहे, तो पुढील वर्षापासून काढून टाकावा. सत्कार करणारे आपण असू. ज्यांचा करावयाचा, त्यांनी आपल्या एका तरी मुलाला काही शिकविले, एवढी एकच अट पुरे. कार्यकारिणीस ही विनंती मान्य होईल की नाही, हे आम्हांस ठाऊक नाही. अमान्य झाली तर पुढल्या वर्षी आम्ही ती पुन्हा करू. ह्या वेळी मात्र आम्ही गप्प बसणार नाही.

आणि ही आजची शाल. ती आम्ही मोठ्या आदराने स्वीकारली आहे. वस्तादांच्या नातवाचे आमच्या गावी सायकल दुरुस्तीचे दुकान आहे. उद्या सकाळच्या मोटारीने आम्ही तेथे जाऊ आणि ही शाल त्यांच्या हाती देऊ. आजोबांस आम्ही काय देणे लागत होतो, ते त्यांस सांगू. मंडळाने ह्यात आपला अनादर मानू नये. शाल मंडळाचीच आहे. फक्त ती योग्य खांद्यापर्यंत पोचण्यास एकोणतीस वर्षे उशीर झाला आहे.